फडकं बांधलेली घागर

करमाडच्या सरूबाईची एक सवय गावात सगळ्यांना ठाऊक होती. कुणाच्या दारात भांडं घेऊन गेली, की बोलण्याआधी ती त्या भांड्याच्या तोंडाचं फडकं सोडायची आणि आत काय आहे ते दाखवायची. ताक असो, तूप असो, शेजारणीची परत करायची डाळ असो. "अगं, म्या काय इचारलं व्हय?" असं बाया हसून म्हणत. सरूबाई हसायची नाही. समोरचीनं आत डोकावल्याशिवाय ती फडकं परत बांधत नसे.

तिच्या गळ्यात तुळशीची माळ होती, पण ती कुणाला दिसत नसे. माळकरी माणसांची माळ छातीवर असते. सरूबाईची चोळीच्या आत असायची.

दोन्ही सवयी तिला फार उशिरा लागल्या, आणि त्यांचं कारण शहरातल्या एका हौदात होतं.

तेव्हा औरंगाबाद निजामाच्या राज्यात होतं. वेशीबाहेर, पाणचक्कीकडं जाणाऱ्या रस्त्याला एक बाग होती. मालक जागीरदार, तो हैदराबादेत राहायचा. बागेचं फाटक मात्र सगळ्यांसाठी उघडं असे. बागेच्या मधोमध दगडी कठड्याचा मोठा हौद होता. डोंगराकडून खापरी नळातून येणारं नहरीचं पाणी त्यात पडायचं, आणि त्या पाण्यात मासे होते. काही मोठे, काळसर पाठीचे. पण लोक यायचे ते सोनेरी माशांसाठी. जागीरदाराच्या आजोबांनी ते काचेच्या बरणीत घालून हैदराबादेहून आणले होते म्हणे, आणि त्यांचीच पिलावळ हौदात वाढत होती. कोर्टाची तारीख पुढं गेलेले शेतकरी, टांग्यातून उतरणाऱ्या बुरख्यातल्या बाया, गुलमंडीवर लग्नाचा बस्ता बांधून दमलेली वऱ्हाडी मंडळी, सगळे जाताजाता हौदावर टेकत. कणकेच्या गोळ्या पाण्यात टाकत आणि पाणी एकदम पिवळं-तांबडं हलू लागलं की मोठी माणसंसुद्धा ओरडत.

कडूबानं लग्नानंतर पहिल्यांदा सरूबाईला शहर दाखवलं, तेव्हा तो तिला इथंच घेऊन आला होता. ती कठड्याशी बसली, पाण्यात हात घातला, आणि एका सोनेरी माशानं तिच्या बोटांतली गोळी ओढून घेतली. ती घाबरून हसली. इतकी हसली की पदर पाण्यात गेला.

"भ्यायचं काय त्यात?" कडूबा म्हणाला. "हे मासे आपल्यावानीच हायेत. पिठावर जगत्यात. माळकरीच म्हण की."

त्यानं गमतीनं म्हटलं, तिनं ते खरं धरलं. तिच्या माहेरी आणि सासरी दोन्हीकडं माळ होती. मासळी घरात येणं तर सोडाच, बाजारात मासळीच्या ओळीवरून जायची वेळ आली तर त्यांच्या बाया नाकाला पदर लावून लांबून जात. मासा काय खातो, कुठं राहतो, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं आणि तिनं विचारलं नव्हतं. तिनं जिवंत मासे पाहिले ते फक्त या हौदात, आणि ते कणीक खात होते.

पुढं ती तूप विकायला शहरात येऊ लागली. करमाडला आगगाडीत बसायचं, गुलमंडीवरच्या ठरलेल्या घरी तूप घालायचं, आणि परतीच्या गाडीला वेळ असेल तर हौद गाठायचा. पदराच्या टोकाला कणकेचा गोळा घरूनच बांधलेला असे.

हौद राखायचं काम मुख्तारमियांकडं होतं. त्याआधी ते त्यांच्या वडलांकडं होतं. उंच, किडकिडीत माणूस, बाह्या कायम कोपरापर्यंत दुमडलेल्या. ते पाण्यावर ओल्या तळव्यानं थाप मारत आणि मासे त्यांच्या हाताखाली गोळा होत. सरूबाई पाणी प्यायला आली की ते नळाच्या तोंडापासून दोन पावलं मागं सरकून उभे राहायचे. तिनं आपल्या हातानं ओंजळ भरावी, आपला स्पर्श मध्ये येऊ नये, म्हणून. हे त्यांच्यात कधी बोललं गेलं नाही.

फाटकाजवळच्या कोठीत त्यांची बायको जहांआरा राही. दाराला तरटाचा पडदा, आणि पडद्याआडून तिचा आवाज.

"क्या गे बाई, आज घी हमारेकू नई क्या?"

"गुलमंडीच्या गिऱ्हाइकाचं हाये, जहांआरा. पुढल्या बारीला तुला आणीन."

"हौ, हर बार येइच बोलती."

पण ती आणायची. वाटीभर का होईना, आणायची. जहांआरा पडद्याबाहेर हात काढून ते घ्यायची, आणि मग दोघी पडद्याच्या दोन बाजूंना बसून बोलत. असंच एकदा जहांआरानं हसत हसत तक्रार केली होती. "हमारे मियां को क्या बोलूं. घर में मच्छी पकानेच नई देते. बोलते, जिनकू हात से खिलाया उनकू खाऊं क्या? मेरेकू खाना हुआ तो मैके जाना पडता."

सरूबाईला ते ऐकून फार बरं वाटलं होतं. तिनं घरी येऊन कडूबाला सांगितलं होतं. म्हणजे तिला ते माहीत होतं. पुढं जे झालं त्यात एवढी एक गोष्ट विसरता येण्यासारखी नव्हती.

त्या वर्षी उन्हाळा लवकर आला. करमाडच्या नदीतला डोह आटत आटत चुलीएवढा राहिला. सरूबाई धुणं घेऊन गेली, तर चिखलाभोवती कावळे जमलेले. चिखलात काहीतरी वळवळत होतं. ती जवळ गेली. वीतभर लांब, काळपट, सापासारख्या डोक्याचा एक मासा. बाकी सगळे मरून वाळले होते. हा एकटाच तोंड वर काढून श्वास घेत होता. कावळ्यानं त्याचा एक डोळा फोडला होता.

तिनं माशाला कधी हात लावला नव्हता. तिनं इकडं तिकडं पाहिलं, मग पदर हातावर गुंडाळून त्याला उचललं आणि वाळूतल्या झिऱ्यावर पाणी भरून घेतलेल्या घागरीत सोडलं. एवढ्या उन्हात, एवढे सगळे मेल्यावर हाच जिवंत राहिला, म्हणजे देवानंच तो आपल्यासाठी ठेवला असणार असं तिला वाटलं. घागर घराच्या मागं, कडब्याच्या आड लपवून ठेवली. मोठी जाऊ, वच्छलाबाई, सोवळ्याची फार कडक होती. तिच्या हाताखालूनच घरातलं सगळं पाणी जायचं.

दुसऱ्या दिवशी सरूबाईनं घागरीच्या तोंडाला फडकं बांधलं, एका हातात तुपाची चरवी घेतली आणि गाडीत बसली. कुठं सोडायचा हे तिला विचारही करावा लागला नाही. हौदातले मासे गरीब, पिठावर जगणारे. त्यांच्यात हाही राहील.

डब्यात समोर बसलेल्या एका म्हातारीनं घागरीकडं पाहिलं. "पाणी घेऊन शहराला चाललीस व्हय गं? तिथली नहर काय आटली?"

"नेमाचं पाणी हाये," सरूबाई म्हणाली.

तेवढ्यात घागरीत धप्‌ झालं आणि फडकं आतून उचललं गेलं.

"तुझं नेमाचं पाणी लईच द्वाड दिसतंय," म्हातारी म्हणाली आणि आजूबाजूचे हसले. सरूबाई खिडकीबाहेर बघत राहिली. कानापर्यंत तापली होती. तिनं माळेवर पदर ओढून घेतला.

ती मुख्तारमियांना सांगणारच होती. वाटेभर तिनं कसं सांगायचं ते मनात जुळवलं होतं. पण बागेत शिरली तर कठड्यावर गुलमंडीच्या तुपाच्या गिऱ्हाइकाकडची मंडळी बसलेली. सासू, सून, लेकी. तुपाचं भांडंसुद्धा स्वतःच्या हातानं धुऊन घेणारी माणसं. माळकरीण डोक्यावर मासा घेऊन आली, आणि त्याच हातात आपल्या घरचं तूप आहे, हे त्यांना कळलं तर? मुख्तारमियां कोठीमागं असरच्या, दुपार कलल्यावरच्या, नमाजाला उभे होते. सरूबाई हौदाच्या पलीकडच्या कोपऱ्यात गेली, जिथं खापरी नळ पाण्यात उघडतो. फडकं सोडलं, घागर उपडी केली. मासा काळ्या रेघेसारखा सरळ नळाच्या तोंडाखालच्या सावलीत गेला आणि दिसेनासा झाला.

"पानी कायकू फेकी गे बाई?" पडद्याआडून जहांआरानं विचारलं.

"तापलं व्हतं."

घरी येऊन तिनं घागर चिंचेनं घासली, राखेनं घासली, उन्हात पालथी घातली, पुन्हा घासली. मग तिच्या जागी नेऊन ठेवली. वच्छलाबाई संध्याकाळी त्याच घागरीतलं पाणी प्याली. सरूबाई चुलीपुढं बसून भाकरीकडं बघत होती.

पाऊस संपला, दिवाळी झाली. सरूबाई अधूनमधून हौदावर गेली तेव्हा पाणी गढूळ होतं. तिचा मासा काही दिसला नाही. सुखात असेल, असं तिनं धरलं. पाणी निवळल्यावर मात्र लोकांच्या ध्यानात आलं की सोनेरी मासे फारच थोडे उरलेत. गोळी टाकली की काळसर पाठी तेवढ्या वर येत. लोक आधी गंमत करत.

"काय मियां, सोन्याचा भाव वाढला का काय?"

"मियांच्या कोठीतून फोडणीचा वास येतोय म्हनं."

मुख्तारमियां हसण्यावारी नेत. पण ते सकाळ-संध्याकाळ जाळं घेऊन पाण्यात उतरू लागले होते. मेलेला मासा कुठं तरंगत नव्हता, हेच त्यांना कळत नव्हतं. जाळ्यात काही येत नव्हतं. नळाच्या तोंडाच्या आत, जिथं हात पुरत नाही, तिथपर्यंत जाळं जात नव्हतं.

मग हैदराबादेहून निरोप आला की जागीरदाराचे पाहुणे सोनेरी मासे बघायला येणार आहेत. बागेचे कारभारी नानासाहेब स्वतः हौदावर आले. सरूबाई त्या दिवशी वच्छलाबाईला घेऊन शहरात आली होती. बांगड्या भरायच्या होत्या. दोघी कठड्याशी बसल्या होत्या, आणि नानासाहेबांचा आवाज चढत चालला होता.

"मासे काय उडून गेले का रे? बगळे? मांजर? काहीतरी सांग."

"साहेब, मी शोधतोय. पाण्यात काहीतरी आहे." मुख्तारमियांनी चहूकडं पाहिलं, आणि त्यांची नजर सरूबाईवर थांबली. ते जवळ आले. नेहमीसारखे दोन पावलं अलीकडं उभे राहिले. आवाज अगदी हळू होता.

"बाई, राग मानू नका. वैशाखात तुम्ही तिकडं कोपऱ्यात घागर रिकामी केली होती. आमची घरवाली म्हणाली. त्यात पाणीच होतं ना?"

सरूबाईला आधी वाटलं, सांगावं. पण वच्छलाबाई शेजारी होती. वच्छलाबाईनं उन्हाळा-पावसाळा त्या घागरीतलं पाणी पिऊन काढला होता. आणि एका माशानं एवढं काय बिघडलं, हा माणूस एवढ्या लोकांत हे का काढतोय, तेही तिला कळेना. तिनं एक जीव वाचवला होता. तोच चोरीसारखा तिच्या समोर धरला जात होता.

वच्छलाबाईच आधी उसळली. "काय इचारतूस रं? गळ्यात माळ दिसंना व्हय तुला? माळकरणीला मासा इचारतूस?"

"मासा नाही म्हटलं मी, बाई. पाणी म्हटलं."

माणसं वळून बघू लागली. नानासाहेब जवळ आले. सरूबाईनं माळ मुठीत धरली.

"पाणीच व्हतं," ती म्हणाली. आणि तेवढ्यावर थांबली असती तरी चाललं असतं. पण बघणाऱ्यांच्या नजरा अजून तिच्यावर होत्या. "आमी माशाला हात लावीत नाय. मासे कुठं गेले ते खाणाऱ्यालाच ठाव."

नानासाहेबांनी तिच्या मुठीकडं पाहिलं, मग मुख्तारमियांकडं. "ऐकलंस?"

मुख्तारमियां सरूबाईच्या तोंडाकडं बघत नव्हते. तिच्या मुठीकडं बघत होते. तरटाचा पडदा थोडा हलला आणि स्थिर झाला.

पुढच्या खेपेला सरूबाई आली तेव्हा कोठीला कुलूप होतं. पडदा काढलेला. दारावरच्या दोन खिळ्यांना तरटाची सुतं लोंबत होती. नवा नोकर फाटकाशी विडी ओढत बसला होता. त्यानं सांगितलं, मियांना काढलं, मासे खात होता म्हणे. "एक माळकरी बाईच बोलली तोंडावर. ती कशाला खोटं बोलेल?"

सरूबाईनं पदरातली कणीक पाण्यात टाकली. ती मासे येण्याआधीच वळली.

हिवाळाभर ती स्वतःला समजावत राहिली. कुणी सांगावं, खाल्लेही असतील. माणूस बाहेर एक असतो, घरात एक असतो. पण चुलीपुढं बसलं की पडद्याआडचं ते बोलणं ऐकू यायचं: जिनकू हात से खिलाया. कडूबा एकदा म्हणाला, "तूच तर सांगितलं व्हतंस, तो मासळी खात नाय." ती म्हणाली, "म्या कुठं म्हणलं?" आणि उठून गेली. कडूबानं पुन्हा विषय काढला नाही, आणि ते तिला जास्त लागलं.

चैत्रात हौद गाळ काढायला रिकामा केला. हे पाहायला शहर लोटे. काळसर मोठे मासे दगडी डोणीत काढून ठेवायला सांडू नावाचा एक भोई बोलावला होता. गुडघाभर चिखलात तो ओरडत, लोकांना हसवत काम करत होता. सरूबाई वच्छलाबाईसोबत कठड्याशी उभी होती. आपला मासा एकदा तरी दिसेल, एवढंच तिच्या मनात होतं. तो सुखरूप दिसला तर झालेल्या सगळ्यातलं काहीतरी बरं निघालं असतं.

सांडूनं नळाच्या तोंडात खांद्यापर्यंत हात घातला आणि एकदम हसू लागला.

"आरं तिच्या! ही बघा, हौदाची मालकीण! आत गादीवर बसलीय!"

त्यानं ओढून काढली ती हातभर लांब होती. जाड, गुळगुळीत, पोट सुटलेलं. सापासारखं डोकं. लोक मागं सरले.

"मरळ हाये ही," सांडू म्हणाला. "तुमचं सोनं हिच्या पोटात गेलं. वर्सभर बसून खाल्लंय बयेनं."

सरूबाईच्या तोंडून निघालं, "मासा माशाला खातो?"

"मग काय भाकऱ्या थापून खाईल व्हय, बाई?" सगळे हसले. "आन्‌ ही लई चिवट. डोह आटला ना, की बाकीचे मरत्यात, शेवटाला चिखलात हीच उरती. हवेवर जगती." त्यानं मरळ फिरवून धरली. तिचा एक डोळा पांढरा, बुजलेला होता.

वच्छलाबाई काहीतरी म्हणाली ते सरूबाईला ऐकू आलं नाही. नानासाहेब छत्रीखाली उभे होते. त्यांनी मरळीकडं पाहिलं, म्हणाले, "नहरीतून आली असेल वाहत," आणि टांग्याकडं निघाले. सांडूनं मरळ आपल्या टोपलीत टाकली. रात्रीच्या कालवणाची सोय झाली होती.

सरूबाई टांग्याच्या मागं गेली. धावलीच म्हणायला हवं; वच्छलाबाई "अगं, अगं" करत मागून आली. टांगेवाल्यानं लगाम धरला होता.

"साहेब, ती म्या टाकली व्हती. त्या घागरीत मासाच व्हता. मियांनी इचारलं तवा म्या खोटं बोलले."

नानासाहेबांना तिला ओळखायला थोडा वेळ लागला. मग ते हसले. वाईट हसू नव्हतं ते.

"बाई, तुझं मन मोठं आहे. त्या मियांची दया आली तुला, नाही का? पण असं स्वतःवर ओढून घेऊ नये. गळ्यात माळ आहे तुझ्या."

"माळ हाये म्हणूनच…"

"आता नवा माणूस नेमलाय. झालं ते झालं." टांगा हलला.

रस्त्याच्या कडेला सरूबाई उभी राहिली. खोटं बोलली तेव्हा तिच्या शब्दाला पुरावा लागला नव्हता. वच्छलाबाई तिच्याकडं बघत होती. गाडीत बसल्यावर तिनं फक्त विचारलं, "पितळंची घागर?"

"व्हय."

घरी गेल्यावर वच्छलाबाईनं घागर उकिरड्यावर नेऊन पालथी घातली. ती शिव्या देईल, जेवण टाकील, सरूबाईनं सगळ्याची तयारी ठेवली होती. पण वच्छलाबाईला घराची अब्रू राखायची होती. तिनं गावात सांगितलं ते असं: आमच्या सरूनं उन्हात तडफडणारा एक मुका जीव घागरीत घालून शहरापर्यंत नेला, कुणाला कळू न देता हौदात सोडला. भजनाला जमलेल्या बाया गहिवरल्या. एका म्हातारीनं तिच्या पायांना हात लावला.

"आवं, त्यानं बाकीचे खाल्ले," सरूबाई म्हणाली. "माणसाची नोकरी गेली माझ्यानं."

"तुला काय ठाव व्हतं? तू तर जीव वाचवलास," बाया म्हणाल्या.

ती उठून बाहेर गेली. पुढं जन्मभर कुणी ही गोष्ट त्या रीतीनं सांगू लागलं की ती उठून बाहेर जायची. त्या दिवशी अंगणात उभं राहून तिनं माळ चोळीच्या आत सरकवली. काढायचं धाडस नव्हतं, आणि वर ठेववत नव्हती.

मुख्तारमियांचा पत्ता काढायला तिला पावसाळा उजाडला. गुलमंडीच्या मागच्या गल्लीत एका रंगरेजाकडं ते लुगडी बुडवायच्या कामाला होते. हात पाण्यातच होते, पण कोपरापर्यंत निळे. पाण्यावर थाप मारायची सवय मात्र गेली नव्हती; रंगाच्या पिंपात कापड सोडण्याआधी त्यांनी तळवा आपटला तो सरूबाईनं दारातूनच पाहिला, आणि तिला आत जाववेना.

त्यांनीच तिला पाहिलं. "या बाई."

तिनं सांगितलं. डोह, कावळे, घागर, गुलमंडीची मंडळी, वच्छलाबाई, सांडू, नानासाहेबांचा टांगा. मध्ये कुठं थांबली नाही. ते कापड पिळत ऐकत होते.

"मला समजलं होतं," ते म्हणाले. "तुम्ही माळ मुठीत धरली, तेव्हाच."

"मग का नाय बोललात? जाळं टाकून काढली असती."

"शोधली, बाई. त्यानंतर चार दिवस कामावर होतो, चारही दिवस शोधली. नळात बसली असेल हे नाही सुचलं." त्यांनी पिळलेलं लुगडं दोरीवर टाकलं. "आणि एवढ्या लोकांत मी काय म्हणणार होतो? बाई खोटं बोलतायत, असं? तुमच्या जाऊबाई होत्या सोबत."

सरूबाईनं मान खाली घातली. त्यांनी रागावावं म्हणून ती आली होती.

राग मागच्या खोलीत होता. तिथंही तोच तरटाचा पडदा लावला होता, तोच खालून कुरतडलेला.

"इनो तो बोल दिए, समजा था," जहांआरा आतून म्हणाली. "मैं नई समजी थी. मैं तुमकू सच्ची समजी. मैं इनकूच पूछी, मियां, तुम बाहर कहीं खाके आए क्या? अपने मरद कू पूछी मैं. तुम्हारी बात पे."

दोरीवरच्या लुगड्यातून पाणी गळत होतं. सरूबाईला वाटलं होतं की ती एका माणसाची भाकरी घालवून आली आहे. त्याच्या घरातही तिनं काही नेऊन सोडलं होतं, हे तिला आता कळलं.

"जहांआरा, तूप आणलंय," ती म्हणाली.

"क्या है उसमें?"

"तूप."

"क्या मालूम," जहांआरा म्हणाली.

सरूबाईनं चरवीचं फडकं सोडलं आणि ती पडद्याच्या फटीपुढं धरली. आतून कुणी बघतंय की नाही, हे दिसत नव्हतं. ती तशीच धरून राहिली. हात भरून आले. मग आवाज आला, "नक्को. ले जाव."

ती पुढच्या खेपेलाही गेली, त्याच्या पुढच्याही. प्रत्येक वेळी पडद्याआडून तोच प्रश्न यायचा, "क्या है घागर में?" घागर नव्हतीच आता, चरवी असायची, जहांआरा मुद्दाम घागर म्हणायची. सरूबाई फडकं सोडून दाखवायची आणि तूप परत घेऊन यायची. कडूबा म्हणाला, "ती घेईना, तर कशाला जातीस?" ती चरवी घासत राहिली. हळूहळू ती इतरांच्या दारातही फडकं आधी सोडू लागली. एकदा हाताला लागलं ते लागलं.

राज्य बदललं. गुलमंडीवर नवे झेंडे लागले, जागीरदार गेले, बागेत वखार झाली आणि हौद कोरडा पडला. मासे बघायला कुणी येईनासं झालं. मुख्तारमियां एका हिवाळ्यात वारले. सरूबाईला ते उशिरा कळलं. ती गेली तेव्हा रंगरेजाच्या अंगणात दोरी रिकामी होती आणि पडदा बाजूला सारलेला होता. जहांआरा उंबऱ्यात बसली होती. इतक्या वर्षांत सरूबाई तिचा चेहरा पहिल्यांदाच उजेडात नीट बघत होती. तिच्या कल्पनेपेक्षा तो फार लहान होता.

जहांआरानं तिच्याकडं पाहिलं, मग चरवीकडं पाहिलं. त्या दिवशी तिनं काही विचारलं नाही. नुसती सरकली आणि उंबऱ्यावर जागा केली.

सरूबाई बसली. आणि बसल्यावर तिनं चरवीचं फडकं सोडलं.